गोजरबाईच्या नावाची गोळी

किडनी द्यायची म्हटल्यावर गोजरबाईनं घडीभरसुद्धा विचार केला नाही. डॉक्टरांनी नुसतं विचारलं होतं, "घरातलं कोणी पुढं येतंय का?" तर ही बाई खुर्चीतून उठून उभीच राहिली, जशी काय आत्ताच काढून टेबलावर ठेवते.

"माझी घ्या," ती म्हणाली. "मला काय धाड भरलीय? दोन हायेत, त्यातली एक यांना."

शेजारी सांडू मान खाली घालून बसला होता. तिचा नवरा. एकसष्ट वर्षांचा गडी, वाळूजच्या कंपनीत उभी हयात क्रेन चालवलेला, अन् आता दिवाळीपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनला बांधलेला. दोन्ही किडन्या बसल्या होत्या त्याच्या. बायको किडनी देते म्हणाली तेव्हा त्यानं 'नको' म्हटलं नाही. तोंडदेखलंसुद्धा म्हटलं नाही. गोजरबाईच्या ते ध्यानात आलं होतं, पण आजारी माणसाला कशाचं भान, असं म्हणून तिनं तो विषय मनातल्या मनात मिटवला. मिटवण्यात बाई पहिल्यापासून हुशार.

पोरं दोन. थोरला राजेंद्र पुण्याला नोकरीला. त्याला विचारलं तर म्हणाला, "घरी बोलून सांगतो," अन् त्याचं ते बोलणं अजून संपलेलं नाही. धाकटी रूपा गंगापूरला दिलेली. तिच्या पदरात दोन लेकरं, घरचं शेत, म्हातारी सासू. ती मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "माय, माझी घेत्यात का बघ." त्यावर गोजरबाई अशी खेकसली की पोरगी गप्पच झाली. "मी मेले का? मी मेल्यावर तुझी पाळी!"

तर अशा तयारीनं बाईनं तपासण्या सुरू केल्या. बजाजनगरातनं सकाळी निघायचं, रिक्षा बदलत औरंगपुऱ्यात लॅबला जायचं, तिथनं दवाखान्यात. रक्त दिलं, लघवी दिली, सोनोग्राफी झाली; वजन-बीपी मोजायचं तेवढं राहिलं होतं. छप्पन वर्षांची बाई, पण चालताना कुणाला हार जायची नाही. शेजारची कडूबाई म्हणाली, "भ्या वाटत नाय का गं?" तर हिनं तिलाच झापलं. भ्यायचं काय त्यात? आपलंच माणूस आहे. त्याचं त्या मशीनवरनं सुटणं आपल्या हातात आहे. एवढं एक झालं की पुन्हा दोघं आपापल्या पायानं गंगापूरला जत्रेला जाऊ, असं ती कडूबाईला सांगायची.

पण दवाखान्यात सोनिया म्हणून एक मॅडम होती. किडनी देणाऱ्यांची सगळी कागदं बघायचं काम तिच्याकडं. गोजरबाईची एक खोड अशी, की कागदाचा कपटासुद्धा टाकायचा नाही. लग्नपत्रिकेपासून लाइटबिलापर्यंत सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. सोनियानं आधार कार्ड मागितलं, अन् या बाईनं पिशवीच टेबलावर उपडी केली. त्यातनं कामगारांच्या दवाखान्याचं जुनं कार्ड निघालं. सोनियानं ते उघडलं, चार पानं उलटली, अन् तिच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, तुम्ही तर बीपी नाही म्हणाला होतात. इथं तर अकरा वर्षं दर महिन्याला तुमच्या नावावर बीपीच्या गोळ्या आहेत."

गोजरबाई हसली. मोकळी, खळखळून. "अगं बाई, त्या माझ्या नव्हत्या. यांच्या व्हत्या. नाव तेवढं माझं."

आता हे काय गौडबंगाल, ते सांगतो. ऐकाल तर डोक्याला हात लावाल.

चौदा वर्षांमागची गोष्ट. सांडूच्या कंपनीत दर वर्षी मेडिकल व्हायचं. त्यात क्रेनवाल्यांचं बीपी जास्त निघालं की त्यांना खाली उतरवायचे. बरोबरच आहे, वर बसलेल्या माणसाला चक्कर आली तर खालची चार माणसं चिरडायची. पण उतरवलेल्या माणसाचं काय व्हायचं? त्याला झाडू द्यायचे. ज्याच्या एका इशाऱ्यावर टनाटनाचे साचे हवेतनं फिरायचे, तोच माणूस पत्र्याचा चुरा गोळा करत फिरायचा, अन् काल आलेली पोरं त्याला 'काका, जरा बाजूला' म्हणायची. त्या वर्षी सांडूचं बीपी एकशेसत्तर निघालं. कंपनीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांची मुदत दिली, पुन्हा मोजू म्हणाले.

सांडूची झोप उडाली. तेव्हा गोकुळनं अक्कल शिकवली. हा गोकुळ त्याच्याच पाळीचा, सगळ्या कंपनीचा सल्लागार. तो म्हणाला, "कामगार दवाखान्यात सोताच्या नावावर गोळी घेऊ नको. कार्डावर चढलं की कंपनीला कळतंय. वहिनीला धाड. बायकोला बी हक्क असतोय औषधाचा. तिच्या नावावर घे अन् तू खा. मेडिकलच्या आठ दिस आधी चालू करायची, मेडिकल झालं की बंद."

"पण तिला बीपी नाय ना," सांडू म्हणाला.

"मग आणायचं!"

अन् ते कसं आणायचं तेही गोकुळनंच सांगितलं. सकाळी लोणच्याच्या चार फोडी खायच्या, पाणी प्यायचं नाही, अन् दवाखान्याचा जिना दोनदा भराभरा चढायचा-उतरायचा. मग धापा टाकत डॉक्टरीणबाईसमोर बसायचं.

गोजरबाईनं तसंच केलं. पदर खोचून ती तो जिना दोनदा नाही, तीनदा चढली. डॉक्टरीणबाईनं हाताला पट्टा गुंडाळला, फुगवला, अन् म्हणाली, "मावशी, एकशे अडुसष्ट! कधीपासून आहे हे?" गोजरबाईला हसू आवरेना, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. तीस गोळ्या मिळाल्या. बाहेर रस्त्यावर सांडू उभा होता. त्याला तिनं ते पाकीट दाखवलं अन् दोघं नवरा-बायको पोट धरधरून हसली. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण इतकं एकमेकांच्या जवळचं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी सांडूनं तिला रसवंतीवर नेऊन रस पाजला.

सांडू पंधरा दिवसांनी मेडिकल पास झाला. अन् मग ती रीतच पडली. दर महिन्याला गोजरबाईनं लोणचं खायचं, जिना चढायचा, गोळ्या आणायच्या. महिना चुकला तर कार्ड बंद पडेल म्हणून चुकवायचं नाही. सांडू त्या गोळ्या वर्षातनं आठ दिवस खायचा. डोकं फारच गरगरलं तर मधीच एखादी. रोज का खायची नाही? तर म्हणे, रोज खाल्ली की सवय लागते, मग जन्मभर सुटत नाही. उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यात साठत राहायच्या, तारीख उलटली की मोरीत जायच्या.

डॉक्टरीणबाई बिचारी चांगली होती. ती म्हणायची, "मावशी, गोळी घेता ना? मग कमी कसं होत नाही?" गोजरबाई म्हणायची, "घेते की." मग ती गोळी वाढवून द्यायची. सांडू म्हणायचा, बरं झालं, भारीची मिळाली.

एकदा मात्र असं झालं, की गोजरबाईचा गुडघा सुजला होता. जिना एकदाच, कठड्याला धरून, हळूहळू चढली. लोणचं संपलेलं, ते काही खाल्लं नव्हतं. तासभर बाकावर निवांत बसून मग तिचा नंबर आला. तरी बीपी निघालं एकशेशहात्तर. तिला चमत्कारिक वाटलं. घरी येऊन तिनं सांडूला सांगितलं, "अहो, आज मी जिना पळाले नाय, काय नाय, तरी तेवढंच आलं."

सांडू जेवत होता. तो म्हणाला, "मशीन जुनं असंल. भाजी वाढ."

तिनं भाजी वाढली. विषय मिटला. पुढं तिचं डोकं सकाळी ठणकायचं, कानात भुणभुण व्हायची, लघवीला फेस यायचा. तिला वाटायचं, उन्हाचं असेल, वयाचं असेल. आपल्याकडं म्हणतात ना, दुखणं हत्तीच्या पायानं येतं अन् मुंगीच्या पायानं जातं. हे दुखणं उलटं. हे मुंगीच्या पायानं आलं, अन् जायचं तर नावच नाही. किडनी दुखत नाही हो! दात दुखतो, पोट दुखतं, माणूस ओरडतो. किडनी मुकाट मरते.

तीन वर्षांमागं सांडू रिटायर झाला. कार्ड संपलं, गोळ्या संपल्या. दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मेडिकलच राहिलं नाही तर बीपी तरी कशाचं राहणार, असा त्यांचा हिशेब! सांडू पारावर बसायला मोकळा झाला. दोन वर्षांत त्याचे पाय सुजले, तोंडाची चव गेली, अन् दिवाळीच्या तोंडावर त्याला श्वास घेता येईना तेव्हा कळलं, की आत काही उरलेलंच नाही.

हे सगळं गोजरबाईनं सोनिया मॅडमला हसत हसत सांगितलं. आपण नवऱ्याची नोकरी कशी वाचवली, हे सांगताना तिला अजून जरा अभिमानच वाटत होता. सोनिया हसली नाही. तिनं ड्रॉवरमधनं मशीन काढलं, पट्टा गोजरबाईच्या दंडाला गुंडाळला. एकशेशहाऐंशी.

"मी चढून आले ना आत्ता," गोजरबाई म्हणाली.

"मावशी, तुम्ही लिफ्टनं आलात. मीच घेऊन आले."

दुसरं मशीन आणलं. तिसरं आणलं. अर्धा तास आडवं झोपवलं अन् पुन्हा मोजलं. आकडा काही खाली येईना. चौथ्यांदा पट्टा फुगायला लागला तेव्हा गोजरबाईला तो गुडघा सुजलेला दिवस आठवला, ती भाजी आठवली.

दोन दिवसांनी सगळे रिपोर्ट आले तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी तिला एकटीलाच समोर बसवलं. डॉक्टर कन्नडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. ते म्हणाले, "मावशी, तुमच्या गावाकडं ठिबक आहे ना? मोटारीचं प्रेशर बेफाम वाढलं तर नळ्यांचं काय होतं?"

"फाटत्यात. न्हाय तर तोंडं खराब होत्यात."

"किडनीत अशाच बारीक नळ्या असतात, लाखांनी. वय झालं की त्या थोड्या थोड्या कमी होतच असतात, तुमच्या अन् माझ्याही. त्यात वरनं बीपीचं प्रेशर बसलं की भराभरा जातात. गेलेली पुन्हा येत नाही. तुमच्या दोन्ही किडन्या आकसल्यात. निम्म्याहून जास्त काम बंद झालंय त्यांचं."

"म्हंजी यांना द्यायची…"

"द्यायचं सोडा. आता आहे तेवढी तुमची तुम्हाला पुरवायचीय. रोज गोळी घ्यायची, मीठ कमी करायचं, दर महिन्याला यायचं. नाहीतर काही वर्षांनी तुम्हीही खालच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये." मग ते म्हणाले, "वाईट वाटतं मावशी. त्या कामगार दवाखान्यातल्या डॉक्टरनं बरोबरच ओळखलं होतं. गोळ्याही बरोबर दिल्या होत्या. त्या तुमच्याच होत्या."

गोजरबाईला रडायला आलं नाही, राग आला. आधी स्वतःचाच आला. केवढी हसलो होतो आपण त्या रसवंतीवर! आपल्या अंगातलं खरं दुखणं आपण नाटक म्हणून मिरवलं. हातात औषध होतं अन् ते आपण मोरीत ओतलं, धड त्याच्याही पोटात गेलं नाही अन् धड आपल्याही. त्या डब्यातली औषधं निदान एकाला तरी पुरली असती, अन् दोघंही कोरडी राहिली. वाटोळं करून घ्यावं तर असं. अन् मग त्या रागाच्या मागनं एक साधी आशा आली. खाली जावं, नवऱ्याला सांगावं. तो तरी म्हणेल, अगं, असं कसं झालं. एवढं तर म्हणेलच.

ती खाली डायलिसिसच्या हॉलमध्ये गेली. दुपारचे दोन वाजले होते. सांडू पलंगावर पडला होता, डाव्या हातात सुया, उजवा हात मोकळा, त्या हातात मोबाइल. तिला बघितल्याबरोबर तो म्हणाला, "काय म्हणले? कधीची तारीख दिली?"

"तारीख नाय. माझी चालत नाय."

"कामून?"

तिनं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं. मला बीपी आहे, तेव्हापासूनच आहे, जिना-बिना सगळं खोटं, आकडा खरा होता. माझ्या दोन्ही किडन्या निम्म्याच्या वर गेल्या. सांडू छताकडं बघत ऐकत होता. तिचं सांगून झालं. ती वाट बघत थांबली.

सांडू म्हणाला, "रूपाचा रक्तगट कोणता गं?"

गोजरबाईला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणलात?"

"रूपाचा. बाळंतपणात काढला असंल की त्यांनी."

"राजेंद्रचा कामून नाय इचारत?"

"तो कमावता हाये. त्याच्यामागं संसार हाये."

"अन् रूपाच्या मागं काय हाये? उकिरडा?" तिचा आवाज इतका चढला की पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले. "अहो, मी काय सांगायले अन् तुम्ही काय इचारायले! मी मरायले हितं. म्हणले नव्हते का मी, जिना न पळता बी तेवढंच आलं? म्हणले व्हते का नाय?"

"मला काय ठाव? अंग तुझं. तुलाच कळंना तर मला काय कळणार?"

हे खरंच होतं, अन् म्हणूनच ते तिला जास्त झोंबलं. चौदा वर्षं हिनं त्याच्या अंगाची काळजी केली, म्हणून हिच्या अंगाची काळजी त्यानं करावी असं कुठं लिहून दिलं होतं कुणी? सांडू वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला कधी मारलं नाही, दारूला शिवला नाही. फक्त त्याच्या मनात तिचं दुखणं म्हणून काही असू शकतं, हे कधी आलंच नव्हतं. आजही आलं नाही. तिची किडनी म्हणजे त्याच्यासाठी ठेवलेली वस्तू होती, ती खराब निघाली, आता दुसरीकडं बघायला पाहिजे, एवढंच.

"नीट ऐका," ती म्हणाली. "रूपाला हात लावू देणार नाय. तिचं नाव जरी काढलंत तर मी पुन्यांदा या हॉलमधी पाय ठेवणार नाय. तुमचं तुम्ही रिक्षानं यायचं अन् रिक्षानं जायचं."

सांडूनं डोळे मिटून घेतले. झोप आल्यासारखं केलं. ते त्याला चांगलं जमायचं.

गोजरबाई तरातरा बाहेर आली. फाटकाशी रिक्षावाल्यांची गर्दी होती, ऊन मरणाचं होतं. एका बाजूला होऊन तिनं रूपाला फोन लावला. रूपाला आत्ताच्या आत्ता सांगायचं, काही झालं तरी हो म्हणू नको. मी हो म्हणाले होते, ती माझी चूक होती. मी विचार न करता म्हणाले होते, तू निदान विचार कर. एवढी तीन वाक्यं तिनं मनात जुळवून ठेवली होती. पण रूपाचा फोन दुसऱ्या कॉलवर होता. तिनं पुन्हा लावला. तरी तेच. गोजरबाईनं मागं वळून हॉलच्या खिडकीकडं बघितलं. काच काळी होती, आतलं काही दिसत नव्हतं.

मग रूपाचाच फोन आला.

"माय, आबाचा फोन व्हता आत्ता. लई रडले गं. एवढे रडताना मी त्यांना जन्मात ऐकलं नव्हतं."

"रडले?" गोजरबाई म्हणाली. तिच्यासमोर त्याच्या डोळ्यात टिपूस आलं नव्हतं.

"मी म्हणलं, आबा, रडू नका, मी हाये ना. सोमवारी येते मी तपासायला. यांना बी इचारलं, ते जा म्हणले."

"माझं काय सांगितलं त्यांनी तुला?"

"तुझं जमत नाय म्हणले. एवढंच." मग रूपानं विचारलं, "कामून जमत नाय गं, माय?"

"रूपा, बाई, आधी माझं ऐक. तू सोमवारी येऊ नको. मला…"

"थांब माय, आबाचाच फोन यायलाय. उचलते, न्हाय तर परत रडत बसतील," रूपा म्हणाली, अन् तिनं आईचा फोन कापला.